माणसे नसलेला रस्ता

बोरखेडी नावाच्या गावात एक भोळा कारकून राहत होता. ‘भोळा’ हा शब्द त्याच्या नातलगांचा. कचेरीत त्याच्यासाठी दुसरा शब्द प्रचलित होता. तो अधिक अचूक होता, परंतु मुलांसमोर उच्चारण्याजोगा नव्हता.

त्याचे नाव पुंजाराम. रस्ते-कचेरीतील खुर्चीला तो अठरा वर्षे चिकटून होता. सांगितलेले काम तो करीत असे, आणि सांगितले तेवढेच करीत असे. डोके वापरावे, असे त्याला अठरा वर्षांत कोणी लेखी कळवले नव्हते. त्यामुळे ते अगदी नव्यासारखे राहिले होते.

आईवडील लहानपणीच गेले. पुढे थोरला भाऊही गेला. पुंजारामाला लहानाचे मोठे केले ते ठकूवहिनींनी. सातव्या वर्षापासून त्याच्या ताटात वाढले तेही त्यांनीच. आता तो बेचाळीस वर्षांचा होता, आणि पाण्याचा तांब्या अजून वहिनीच भरून ठेवत.

त्या वर्षी वहिनींच्या मानेत गाठ निघाली. गावाबाहेर एक धर्मादाय रुग्णालय होते. तिथे या रोगावर शेक देणारे यंत्र होते. डॉक्टर इनामदारांनी तीस शेक सांगितले. अठरा झाले. गाठ अर्धी विरघळली. आणि यंत्र थांबले.

यंत्राच्या पोटात कोबाल्टचा एक खडा असतो. त्यातून जे किरण निघतात, तोच तो शेक. जुना खडा निस्तेज झाला होता. नवा खडा शिशाच्या जाड पेटीतून, मोटारीने, हमरस्त्यावरून यायचा होता.

“आठ दिवसांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये,” डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितले. “शनिवारपर्यंत खडा आलाच पाहिजे. नाहीतर झालेले अठरा शेक पाण्यात.”

म्हणून वहिनी रोज सकाळी रुग्णालयात चालत जात. खडा आला का, हे विचारत. नाही म्हटल्यावर दुपारी परत येऊन भावजींना वाढत.

आता, असा खडा भाजीच्या टोपलीसारखा वाटेल त्या रस्त्याने नेता येत नाही. हमरस्त्याच्या नाक्यापासून रुग्णालयापर्यंतचा सुरक्षित मार्ग आधी ठरवावा लागतो. वरून सात रकान्यांचा एक फॉर्म आला. तो उपअभियंता धारूरकर साहेबांकडे गेला. साहेबांनी तो पुंजारामाकडे सरकवला. कागद सरकवण्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“पुंजाराम, नियम असा आहे,” साहेब म्हणाले. “लोकवस्ती, शाळा, बाजार आणि रुग्णालये टाळायची. जिथे माणसे नाहीत, अशाच रस्त्याने गाडी न्यायची. मनाशी पक्की खूणगाठ बांध.”

मनाशी गाठ कशी बांधावी, हे पुंजारामाला ठाऊक नव्हते. त्याने ती उपरण्याला बांधली.

ही पहिली गाठ.

सोमवारी भर दुपारी तो मार्ग पाहायला निघाला. वैशाखाचे ऊन होते. फिरत फिरत तो बाजारगल्लीत आला. दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. गल्लीत चिटपाखरू नव्हते. पुंजाराम अर्धा तास मोजत उभा राहिला. मग त्याने चौथ्या रकान्यात लिहिले, ‘लोकवस्ती: नाही. एक गाढव आहे. तेही बसलेले.’

साहेबांनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला.

“अरे, ही बाजारगल्ली आहे!”

“हो साहेब.”

“गाडी गुरुवारी येणार. गुरुवारी काय असतं बोरखेडीत?”

“बाजार असतो साहेब.”

“मग?”

“पण आज सोमवार आहे, साहेब. आपण सांगितले तसेच केले. माणसे नसलेला रस्ता शोधला.”

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “आज काय आहे ते पाहू नकोस! पुढे काय होणार आहे ते पाहून लिहीत जा!”

पुंजारामाने दुसरी गाठ मारली.

मंगळवारी त्याला ओढ्यावरचा पूल पाहायला पाठवले. पुलाला मधोमध भगदाड होते. त्यातून खाली म्हशी डुंबताना दिसत. कठडा मागल्या वर्षीच वाहून गेला होता. पुलाच्या तोंडाशी मात्र एक पाटी होती. तिच्यावर लिहिले होते, ‘नियोजित नवीन पूल. भक्कम व दुपदरी.’ पाटीलाही गंज चढला होता.

पुंजारामाने पूल पाहिला. पाटी वाचली. उपरण्याची दुसरी गाठ चाचपली. पुढे काय होणार आहे ते पाहायचे. त्याने पाचव्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘पूल नवीन, भक्कम व दुपदरी आहे.’

साहेबांना आनंद झाला. नवा पूल कधी झाला, हे त्यांना आठवेना. परंतु फॉर्मात लिहिले आहे म्हणजे झालाच असणार, असे त्यांच्या बुद्धीने ठरवले. तो पाहण्यासाठी ते जीप घेऊन स्वतः निघाले. वरिष्ठांच्या आणि कनिष्ठांच्या मूर्खपणात फरक एवढाच, की वरिष्ठांचा मूर्खपणा जीपमधून जातो.

जीपची पुढची दोन्ही चाके भगदाडात गेली. खाली म्हशींनी माना वर करून पाहिले.

“पुंजाराम!” साहेब खिडकीतून ओरडले. “कुठे आहे तो पूल?”

“होणार आहे, साहेब. आपण सांगितले तसेच केले. पुढचे पाहिले.”

“अरे करंट्या, डोळ्यांना दिसतं तेवढंच लिही! जे दिसत नाही, ते नाहीच असं समज!”

पुंजारामाने काठावर उभ्या उभ्या तिसरी गाठ मारली. मग त्याने साहेबांना बाहेर ओढले. तेही सांगावेच लागले.

संध्याकाळी साहेबांनी नकाशा पसरला आणि बोटाने मार्ग ठरवून टाकला. गाडी नाक्यावरून गायरानातल्या जुन्या रस्त्याला लागेल. गायरान म्हणजे गावची गुरे चरण्याची मोकळी माळजमीन. ना घर, ना झाड. तो रस्ता थेट रुग्णालयाच्या फाटकाशी निघत होता. हे सोमवारीच करता आले असते. परंतु मग साहेबांना साहेब कोण म्हणाले असते?

घरी वहिनींनी भाकरी वाढता वाढता विचारले, “भावजी, कधी यायचा हो तो खडा?”

“परवा येईल, वहिनी. माझ्या हातात आहे सगळं.”

वहिनींचा हात थबकला. “देवा,” त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी भाकरीवर तूप जरा जास्तच वाढले.

गुरुवारी गाडी हमरस्त्याच्या नाक्यावर आली. सरवरभाई नावाचा पोक्त चालक होता. सोबत दोन तंत्रज्ञ होते. नाक्यावरच्या हवालदाराला फॉर्मची प्रत द्यायची होती. सहावा रकाना रिकामा होता: ‘गाडीतील माल व त्यापासून संभवणारा धोका.’

पुंजाराम गाडीच्या मागे चढला. शिशाची भली मोठी पेटी होती. तिला मोहोर लागलेली होती.

“पेटी उघडा,” तो म्हणाला.

“या अल्ला!” सरवरभाईने कपाळाला हात लावला. “उघडायची नसते भाऊ ती. आत कोबाल्ट आहे.”

“मला दिसत नाही.”

“कसं दिसेल? बंद आहे.”

“आणि ते किरण?”

“किरण तर उघडली तरी दिसत नाहीत. दिसले असते तर एवढं शिसं कशाला लागलं असतं?”

पुंजाराम खाली उतरला. त्याने तिसरी गाठ चाचपली. जे दिसत नाही, ते नाहीच. त्याने सहाव्या रकान्यात लिहिले, ‘माल: नाही. धोका: नाही. गाडी रिकामी आहे.’

हवालदाराने फॉर्म वाचला. मग त्याने गाडीकडे पाहिले. गाडीची मागची चाके ओझ्याने दबली होती. चारही बाजूंना धोक्याची पिवळी निशाणी होती. तिथे तीन माणसे उभी होती, आणि तिघेही गाडी रिकामी नसल्याचे शपथेवर सांगत होते.

“रिकाम्या गाडीचं वजन एवढं?” हवालदार म्हणाला. “गाडी बाजूला घ्या.”

गाडी गुरुवारी दिवसभर बाजूला उभी राहिली. वहिनी रुग्णालयाच्या बाकावर दिवसभर बसून राहिल्या. त्यांच्यासोबत आणखी एकवीस रुग्ण होते. कोणाचे दहा शेक राहिले होते, कोणाचे चार. एका म्हाताऱ्याचा एकच राहिला होता, आणि तो दर तासाला उठून रस्त्याकडे पाहून येत होता.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी नाक्यावर येऊन स्वतःच्या सहीने गाडी सोडवली. साहेब लालबुंद झाले होते.

“गाडी एक दिवस थांबली! एक दिवस! धोक्याचा माल रस्त्यात उभा राहू द्यायचा नसतो, एवढंही कळत नाही?”

“साहेब, आपण सांगितले...”

“गप्प बस! आता गाडी थांबता कामा नये. काही झालं तरी थांबवायची नाही!”

पुंजारामाने चौथी गाठ मारली.

तो मोटारसायकलवर हिरवे निशाण लावून पुढे निघाला. गाडी मागून निघाली. गायरानाचा रस्ता सुनसान होता. भगदाड नव्हते, बाजार नव्हता, गाढवसुद्धा नव्हते. अर्ध्या तासात रुग्णालयाचे फाटक दिसू लागले. फाटकाशी डॉक्टर इनामदार नारळ घेऊन उभे होते. बावीस रुग्ण बाकांवरून उठून उभे राहिले. वहिनींनी पदराने डोळे टिपले. आपण ज्याला वाढवले, त्याने आयुष्यात एक काम नीट केले, असे त्यांना घटकाभर वाटले.

मोटारसायकल फाटकासमोरून निघून गेली. मागून गाडीही निघून गेली.

“ओ भाऊ!” सरवरभाई खिडकीतून ओरडला. “दवाखाना मागे राहिला!”

“थांबायचं नाही!” पुंजाराम पुढूनच ओरडला.

रुग्णालयाला वळसा घालून रस्ता पुन्हा गायरानात जात होता. गाडी गायरानात गेली. तिथून पुन्हा फाटकासमोर आली. डॉक्टरांनी नारळ खाली ठेवून दोन्ही हात वर केले. पुंजारामाने त्यांना हात हलवून उत्तर दिले. अशा नऊ फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला म्हातारा खाली बसला. सातव्या फेरीला वहिनींनी पायातली चप्पल काढून भिरकावली. ती पुंजारामाच्या निशाणाला लागली. त्याला वाटले, स्वागत आहे.

“अहो, निदान कारण तरी सांगा!” सरवरभाई विनवू लागला.

“वरचा हुकूम आहे.”

“मग वरच जाऊ आता आपण,” सरवरभाई म्हणाला.

दहाव्या फेरीत डिझेल संपले. गाडी गायरानाच्या मध्यावर उभी राहिली. चहूकडे माळ पसरला होता. माणसाचा मागमूस नव्हता. अठरा वर्षांच्या नोकरीत पुंजारामाने नियमाला इतके धरून काही केले नव्हते.

साहेब धावत आले. या वेळी त्यांचा आवाज चढला नाही. तो बसला होता.

“पुंजाराम, उद्या शनिवार आहे. उद्या हा माल रुग्णालयाच्या आत पोहोचला पाहिजे. नियम अक्षरशः पाळ, कारण वरून पाहणी व्हायची आहे. माणसांना जवळ फिरकू देऊ नकोस. माल पोहोचला की कुलूप लाव. कुलूप लावल्याशिवाय जागचा हलू नकोस. आणि किल्ली जिवापाड जप.”

साहेबांना कुलूप खड्याच्या खोलीला लावायचे होते. परंतु ‘खोली’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. दुसऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्याने आपले वाक्य तरी पुरे करावे.

पुंजारामाने पाचवी गाठ मारली. उपरण्यात आता मोकळे टोक फारसे उरले नव्हते. वहिनींची गाठ विरायची थांबली होती, आणि पुंजारामाच्या गाठी वाढत होत्या.

रात्री त्याने विचार केला. हे त्याने यापूर्वी केले नव्हते, म्हणून त्याला थोडी चक्कर आली. माल रुग्णालयात न्यायचा आहे. नियम म्हणतो, जिथे माणसे नाहीत तिथेच न्यायचा. रुग्णालयात तर माणसे आहेत. म्हणजे माल चुकीचा नाही. रस्ताही चुकीचा नाही. माणसे चुकीची आहेत.

शनिवारी सकाळी तो दोन ट्रॅक्टर घेऊन रुग्णालयात गेला. डॉक्टर तेव्हा त्याचीच तक्रार घेऊन साहेबांकडे गेले होते.

“चला, सगळे ट्रॉलीत बसा,” पुंजाराम म्हणाला. “वरचा हुकूम आहे.”

“कुठं न्यायलेत?” म्हाताऱ्याने विचारले.

“गायरानात.”

“गाडी तिथंच आहे ना? म्हणजे तिथंच शेक देत असतील,” म्हातारा म्हणाला, आणि सर्वांत आधी चढला. त्याच्यामागून बाकीचे चढले. परिचारिका चढल्या. आचारी पळी हातात घेऊन चढला.

वहिनी तेवढ्या बाकावरून हलल्या नाहीत. “भावजी, खरं सांगा. हे तुमच्या डोक्यातून निघालंय का?”

“हो वहिनी,” पुंजाराम अभिमानाने म्हणाला.

“मग मी येत नाही.”

“वहिनी, रुग्णालयात एक जरी माणूस राहिलं, तरी खडा आत येणार नाही.”

वहिनी उठल्या. मूर्खाशी वाद घालण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. शेकाचा हा शेवटचा दिवस त्यांना तसाच घालवायचा नव्हता.

पुंजारामाने सर्वांना गायरानात उतरवले. ट्रॅक्टर परत पाठवले. गाडीत डिझेल भरले. मग हिरवे निशाण लावून त्याने ती रिकाम्या रुग्णालयात नेली. वाटेत एक माणूस भेटला नाही. आत एक माणूस सापडला नाही. तंत्रज्ञांनी दुपारपर्यंत खडा यंत्रात बसवला, यंत्र तपासले, आणि ते सरवरभाईच्या गाडीत बसून निघून गेले. “भाऊ, मी डोंगरातून गाड्या नेल्या, पुरातून नेल्या,” जाता जाता सरवरभाई म्हणाला. “पण तुमच्यासारखा घाट नाही पाहिला.”

पुंजारामाने फाटकाला लाल दोरी बांधली आणि तो तिच्यासमोर उभा राहिला.

तासाभराने गायरानातून रांग येताना दिसली. बावीस रुग्ण उन्हातून चालत येत होते. सर्वांत पुढे ठकूवहिनी होत्या. एका पायात चप्पल नव्हती.

“भावजी, दोरी सोडा. खडा आला ना?”

“आला वहिनी. म्हणूनच शंभर पावलं मागं व्हा. आत धोक्याचा माल आहे.”

“माल कसला? माझा शेक आहे तो.”

“माणसांना मज्जाव आहे.”

“मज्जाव? मग हा खडा आणलात कुणासाठी?”

पुंजारामाने फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यावर बोट ठेवले. ते सातव्यापर्यंत नेले. फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“वहिनी, असा रकानाच नाही.”

म्हाताऱ्याने काठी उगारली. वहिनींनी त्याचा हात धरला. त्यांना आश्चर्य वाटले नव्हते. आश्चर्य वाटायला समोरच्याकडून आधी काही अपेक्षा असावी लागते.

“नाही कसा?” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “आखा की भावजी. आठवा रकाना. पट्टी आहे ना खिशात? आणि सरळ आखा बरं. रेघ वाकडी गेली तर साहेब रागावतील.”

पुंजाराम सावलीला गेला. त्याने मांडीवर फॉर्म ठेवला आणि पट्टी लावली. रेघ केसभर वाकडी गेली. त्याने ती खोडरबराने पुसली. दुसरी आखली. ती फिकट आली. पेन्सिलीला टोक केले. तिसरी आखायला घेतली.

त्याच्या पाठीमागे वहिनींनी दोरी वर उचलली. म्हातारा खालून गेला. एकेक करून बावीस जण आत गेले. परिचारिका गेल्या, आचारी गेला. तेवढ्यात जीपमधून डॉक्टर आणि धारूरकर साहेब आले. डॉक्टर यंत्राकडे धावले. वरिष्ठ येण्याआधी खड्याजवळ आपला फोटो निघावा, म्हणून साहेबही आत गेले. जीपच्या चालकाला फोटो काढण्यासाठी त्यांनी सोबत नेले. पुंजारामाने मान वर केली नाही. रेघ सुरू होती.

अखेर रकाना पूर्ण झाला. त्याने त्याला शीर्षक दिले, ‘कोणासाठी’. बराच वेळ विचार करून खाली लिहिले, ‘ज्यांना मज्जाव आहे त्यांच्यासाठी.’

मग त्याने वर पाहिले. फाटकाशी कोणी नव्हते. रस्त्यावर कोणी नव्हते. गायरानापर्यंत नजर टाकली, तिथेही कोणी नव्हते. पुंजारामाला धन्य वाटले. चौथ्या रकान्यातले गाढव खोडून त्याने टोक केलेल्या पेन्सिलीने लिहिले, ‘लोकवस्ती: रुग्णालयात व परिसरात एकही माणूस नाही.’ खाली सही केली.

निघताना त्याला पाचवी गाठ आठवली. त्याने रुग्णालयाचे लोखंडी फाटक ओढले. कोठारावरचे मोठे पितळी कुलूप आणून त्याला लावले. किल्ली उपरण्याच्या उरलेल्या टोकात ठेवली आणि सहावी गाठ इतकी घट्ट मारली, की ती पुढे दातांनीही सुटली नाही. मग तो मोटारसायकलवर बसून घरी जेवायला गेला.

पाट मांडलेला नव्हता. तो त्याने स्वतः मांडला, आणि त्यावर बसून राहिला.

“वहिनी, वाढा!” त्याने हाक मारली.

कोणी आले नाही.

“वहिनी, भूक लागली!”

शेजारच्या मैनाबाईंनी कुंपणावरून डोकावून पाहिले. “अहो पुंजाभाऊ, कुणाला हाका मारताय? ठकूबाई दवाखान्यात असतील.”

“शक्य नाही,” पुंजाराम म्हणाला, आणि त्याने रिकामे ताट थोडे पुढे सरकवले. “दवाखान्यात एकही माणूस नाही. मी स्वतः लिहून आलोय.”